मदत हवी आहे: घरच्या धबडग्यात ध्यान कसं टिकवायचं?

नमस्कार मंडळी. इगतपुरीला धम्मगिरी या ध्यानकेंद्रात विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर करून आले. तिथे मौन, आयतं ताट, मन बसायचं. घरी सकाळ-संध्याकाळ तासभर बसा म्हणतात, पण डोळे मिटले की कुकरची शिट्टी, नाहीतर सासूबाईंची हाक. (त्यांना अर्धांगवायू झालाय, उठावंच लागतं.) मग चिडचिड, आणि चिडले म्हणून परत स्वतःलाच बोल लावणं! ध्यानाच्या शेवटी मैत्री भावना करतात (सगळ्यांचं भलं चिंतायचं), त्यात सगळ्या जगाचं भलं चिंतता येतं, स्वतःपाशी मात्र गाडी अडते.

ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांनी कसं जमवलं? भरवताना, अंग पुसताना श्वासाकडे लक्ष राहतं का, की पहाटेच उठायचं? रोज कृतज्ञतेची वही लिहिणाऱ्यांनीही सांगा, खरंच फरक पडतो का? नुसतं "वेळ काढा" कृपया नको.