ग्रीक मुलींची नावं आणि अर्थ : मदत हवी आहे (अर्जंट!)

मालूताई_ठाणे
चांगल्या अर्थाची ग्रीक मुलींची नावं पटापट सांगा. नेटवर सगळीकडे एकच यादी चिकटवलेली आहे. अर्थ खरा हवा, आणि आपल्याला हाक मारता आली पाहिजे. सराफ उद्या दुपारपर्यंतच थांबणार आहे.

चिंगी
सराफाचा काय संबंध? नाव बाळाला हवंय, मांजरीला की कथेतल्या पात्राला?

उनाड_पाखरू
सोफिया म्हणजे शहाणपण, इरिनी शांती, झोई जीवन, एल्पिदा आशा. फोतिनी म्हणजे आपली प्रभा. माझं मत इरिनीला.

पेठेतला_विद्वान
त्यांचा झेउस पातेर आणि आपला वेदातला आकाशपिता द्यौष्पितर एकच. थिओस म्हणजे देवच. थिओदोरा = देवदत्ता. ठेवा, विषय संपला.

मागचा_बाक
द्यौसचं बरोबर. थिओस आणि देव मात्र नुसते कानाला सारखे लागतात, मूळ वेगळं.

पेठेतला_विद्वान
आम्हाला शाळेत असंच शिकवलंय.

मागचा_बाक
मग शाळा चुकली.

चिंगी
भांडा नंतर. मालूताई, बाळ कोणाचं, कुठलं?

मालूताई_ठाणे
अहो, नातीचं नाव! लेक थेस्सालोनिकीला असते, जावई तिकडचाच. हे लिहिलं नव्हतं का? तिला विहीणबाईंचं नाव द्यायचं म्हणतात : पारास्केवी. अर्थ बघितला तर 'शुक्रवार'! चांदीच्या वाटीवर शुक्रवार कोरू?

दर्यावर्दी
म्हणजे नाव ठरलेलंच आहे, तुम्हाला ते मोडायचंय. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव ही तिथली जुनी रीत. पिरेअस बंदरात आमच्या एजंटाच्या घरी तीन चुलत बहिणी होत्या, तिघी एलेनी. एक हाक मारली की तिघी यायच्या. नाव बाप्तिस्म्याला ठेवायचं, तोवर बाळ नुसतं 'बेबा'.

उनाड_पाखरू
शुक्र म्हणजे व्हीनस, म्हणजे आफ्रोदिती. सौंदर्यदेवतेचा वार झाला की! वाईट काय?

मागचा_बाक
ग्रीक वारांत ग्रह नाहीत हो. सोमवार म्हणजे 'दुसरा', मंगळवार 'तिसरा', अशी गुरुवारपर्यंत मोजदाद. पारास्केवीचा मूळ अर्थ 'तयारी'. शनिवारी ज्यूंचा शब्बाथ, सगळं काम बंद, म्हणून आदल्या दिवशी तयारी करून ठेवायची. रविवार किरियाकी, म्हणजे प्रभूचा वार. तेही मुलीचं नाव असतं.

पेठेतला_विद्वान
कोकणातल्या ज्यूंना, म्हणजे बेने इस्रायलींना, 'शनिवार तेली' म्हणत ते याचमुळे, शनिवारी घाणा बंद. आणि कार्ल्याच्या चैत्यगृहात जा, धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, खांब दान दिलेत. त्यातल्या एकाचं नाव सिहधय, म्हणजे सिंहध्वज. तेव्हा यवन आपली नावं घेत होते!

निळू_गुंतवणूक
चांदी कशाला? नातीच्या नावाने एसआयपी सुरू करा.

मालूताई_ठाणे
कोणी विचारलंय का एसआयपीचं?

गोदाआजी
शुक्रवारला नाक का मुरडतेस गं? श्रावणातल्या शुक्रवारी जिवती पुजून ओवाळतो ते लेकरांनाच ना?

दर्यावर्दी
आजी +१. संत पारास्केवीचा दिवस २६ जुलै. त्या दिवशी नातीचा नामदिन, तिकडे वाढदिवसाइतकाच थाटात करतात. ही संत डोळ्यांची. चांदीच्या छोट्या पत्र्यावर दोन डोळे उठवून तिच्या चित्रापुढे टांगतात, आपण देवीला चांदीचे डोळे वाहतो तसेच.

मालूताई_ठाणे
अगंबाई! मोतीबिंदूच्या वेळी मी स्वतः वाहिलेत कुलदेवीला. मग राहू दे हेच. पण सराफ म्हणतो वाटीवर पूर्ण नाव बसेल, चमच्याच्या दांडीवर दोनच अक्षरं.

चिंगी
दर्यावर्दी, घरात काय म्हणतात या नावाच्या बायकांना?

दर्यावर्दी
एवी, वीवी, नाहीतर वूला. पूर्ण नाव म्हणताना जोर शेवटच्या 'वी'वर द्या.

मालूताई_ठाणे
वूला काय! हे तर उलथन्याचं नाव वाटतं.

मालूताई_ठाणे
आत्ताच लेकीशी बोलले. विहीणबाईंना सगळं गाव वूलाच म्हणतं. वरचा प्रतिसाद कोणी वाचला असेल तर विसरा, मला तो उडवता येत नाहीये. चमच्यावर 'एवी' सांगितलंय सराफाला.

उनाड_पाखरू
इरिनी चांगलं होतं.

निळू_गुंतवणूक
चमचा किती ग्रॅमचा?