अ‍ॅप उडवलं तरी फाइल झेरॉक्सवाल्याकडे आहेच ना

"फोनातून अ‍ॅप काढून टाकलं की आपली माहितीही गेली, विषय संपला" असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही, अ‍ॅप गेलं तरी अकाउंट तिकडे जसंच्या तसं राहते, ते आत जाऊन वेगळं डिलीट करावं लागते. पण आपला माग काय फक्त आपल्याच फोनात असते का? मागच्या महिन्यात पोराच्या अ‍ॅडमिशनसाठी नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) प्रिंट काढायला गेलो, दुकानदार म्हणे या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा, अन् त्यानं कॉम्प्युटरवर डाउनलोडचं फोल्डर उघडलं तर बाप्पा! कोणाकोणाचे आधार, मार्कशिटा, पासबुकं, सगळं उघड्यावर. माझी फाइल समोरच डिलीट करायला लावली, रिसायकल बिनमधूनही, तो हसला पण केली बिचाऱ्यानं. आपण चॅटमधून 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी कॉम्प्युटरवर उतरलेली फाइल तिथंच असते.

तेव्हापासून आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढून ठेवला, त्यात पहिले 8 आकडे झाकलेले, फक्त शेवटचे 4 दिसतात. त्या पीडीएफचा पासवर्ड मात्र नावाची पहिली 4 इंग्रजी अक्षरं अन् जन्मसाल, म्हणजे ओळखीच्या माणसापुढे कुलूप नावालाच.