मदत हवी आहे: समुद्रमार्गे गेलेल्या मालाच्या नुकसानीचा दावा, केस मॅनेजमेंट हिअरिंगआधी वादपत्रात दुरुस्ती करून घ्यावी का?

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा घरचा कारखाना आहे. जहाज कंपनीविरुद्धचा आमचा दावा मुंबई उच्च न्यायालयात चालू असून, वादपत्रात (आमच्या मूळ लेखी दाव्यात) राहून गेलेल्या दोन गोष्टी आता कशा आणाव्यात, याबद्दल सागरी दाव्यांचे काम जवळून पाहिलेल्यांचा सल्ला हवा आहे. आमच्या वकीलसाहेबांनी दोन मार्ग सांगितले आहेत आणि पहिली केस मॅनेजमेंट हिअरिंग (वादाचे मुद्दे आणि पुढचे वेळापत्रक ठरवण्याची सुनावणी) पुढच्या महिन्यात आहे.

न्हावा शेवाहून हॅम्बुर्गला गेलेल्या चाळीस फुटी कंटेनरमध्ये 620 कार्टन होते. खरेदीदाराच्या गोदामात कंटेनर उघडला तेव्हा एका बाजूचे 212 कार्टन भिजलेले निघाले, आणि माल त्यांच्या दारात पोचेपर्यंतची जोखीम करारानुसार आमची असल्यामुळे त्यांनी सुमारे 24 लाख रुपये बिलातून कापले. तिथल्या सर्व्हेअरच्या व्हिडिओत तो कार्टनच्या कोपऱ्यावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडतो आणि ओला पुठ्ठा ताकासारखा पांढरा होतो, म्हणजे आत आलेले पाणी खारे होते. घडी उलगडली की टॉवेलच्या किनारीलगत तपकिरी डाग आणि बुरशीचे काळे ठिपके दिसतात. या मालासाठी आमच्या कामगारांनी सणाच्या तोंडावर रात्रपाळ्या केल्या होत्या. तो अशा अवस्थेत पाहणे मला फार जड गेले.

दावा एका वर्षाच्या मुदतीत दाखल झाला. तेच जहाज पुन्हा न्हावा शेवाला आले असता 2017 च्या ॲडमिरल्टी (सागरी दाव्यांच्या) कायद्याखाली त्याच्या अटकेचा आदेश मिळाला आणि मालकांनी बँक गॅरंटी देऊन ते सोडवले. तातडीचा आदेश मागितलेला असल्यामुळे व्यापारी दाव्यांत एरवी सक्तीच्या असलेल्या दाव्यापूर्वीच्या मध्यस्थीचा प्रश्न आला नाही.

अडचण जहाज कंपनीच्या कैफियतीनंतर (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरानंतर) सुरू झाली. ती 118 व्या दिवशी, म्हणजे व्यापारी दाव्यांतील 120 दिवसांची कमाल मर्यादा संपायला दोन दिवस असताना, विलंबाचा खर्च भरून दाखल झाली. माल कारखान्यातच ओला होता आणि पॅकिंग सदोष होते, असे तिच्यात म्हटले आहे; बाकी परिच्छेदांना सरसकट नकार आहे. नकार देताना कारण आणि स्वतःची हकिकत द्यावी लागते, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 8, नियम 3अ सांगतो, परंतु आमच्याच वादपत्रात उणीव असताना केवळ त्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

पहिली उणीव कंटेनरची. वादपत्रात ‘समुद्राच्या पाण्याने नुकसान’ एवढेच आहे. कंटेनर सदोष होता, असे कथन कुठेही नाही. गेल्या महिन्यात वाहतूकदाराच्या फाइलमध्ये यार्डातून रिकामा कंटेनर उचलतानाची पावती सापडली आणि तिच्यावर ‘छताला जुने पॅच’ असा हाताने लिहिलेला शेरा आहे. ती आमच्याकडे कधीच आलेली नव्हती, त्यामुळे वादपत्रासोबतच्या कागदपत्रांच्या यादीत नाही. आदेश 11 प्रमाणे आता तिच्यासाठी न्यायालयाची परवानगी आणि आधी सादर न करण्याचे सबळ कारण लागेल.

दुसरी उणीव त्याहून महाग पडू शकते. बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर) 620 कार्टन लिहिलेले आहेत, पण वादपत्रात ‘एक कंटेनर टॉवेल’ असे आहे. समुद्रमार्गे मालवाहतुकीच्या 1925 च्या कायद्यात (2025 मध्ये नवा कायदा संमत झाला, पण आमचा माल त्याआधीचा आहे) जहाज कंपनीची जबाबदारी प्रति नग 666.67 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) किंवा प्रति किलो 2 एसडीआर, यांपैकी जास्त असेल तिथपर्यंत आहे. कार्टन हा नग धरला तर आमची पूर्ण रक्कम मर्यादेत बसते. कंटेनर हाच एक नग धरला, तर भिजलेल्या 4,240 किलोंवर 8,480 एसडीआर होतात, आणि ते आमच्या मागणीच्या निम्म्याहूनही कमी आहेत. कैफियतीत त्यांनी नेमका हाच मुद्दा घेतला आहे.

वकीलसाहेबांच्या मते एक मार्ग म्हणजे आदेश 6, नियम 17 खाली आत्ताच दुरुस्ती अर्ज करणे, कारण दाव्याची साक्षीपुराव्याची सुनावणी सुरू झाल्यावर, पुरेशी दक्षता घेऊनही ही गोष्ट आधी मांडता आली नसती, हे दाखवावे लागते. दुसरा मार्ग म्हणजे परवानगी घेऊन कैफियतीला प्रत्युत्तर देणे आणि केस मॅनेजमेंटमध्ये मुद्दे काढताना या दोन्ही गोष्टींवर स्वतंत्र मुद्दे मागणे. मला पहिला मार्ग बरा वाटतो, कारण वादपत्रात पाया नसलेल्या गोष्टीवर पुरावा कितीही चांगला असला तरी तो विचारात घेतला जाईलच असे नाही. भीती एवढीच आहे, की एक वर्षाची मुदत उलटून गेलेली असल्याने कंटेनरच्या दोषाचे कथन हा नवा, मुदतबाह्य दावा आहे, अशी हरकत येईल. त्याच नुकसानीचे, त्याच कराराखालचे जादा तपशील म्हणून अशी दुरुस्ती मंजूर झाल्याचे कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का?

तसेच कंटेनरच्या दुरुस्तीच्या नोंदी जहाज कंपनीने हजर कराव्यात, हा अर्ज दुरुस्ती अर्जासोबतच द्यावा की दुरुस्ती मंजूर झाल्यावर, हेही कळवावे. व्हिडिओसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र सर्व्हेअरकडून मागवले आहे. हिअरिंगला पंचवीस दिवस आहेत आणि मुंबईला जाण्यापूर्वी मला वकीलसाहेबांना निर्णय कळवायचा आहे.