१२४४ किलोला १२४४ अश्वशक्ती: कौतुक करायचं की कपाळाला हात लावायचा?

फुल्ल_थ्रॉटल
हेनेसी व्हेनम जीटीचा विषय निघाला की प्रत्येक वेळी दोन तट पडतात, म्हणून एकदाचा धागाच काढला. ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेक्सासच्या हेनेसी परफॉर्मन्सने लोटस एक्सिज ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली, तिची चासी (सांगाडा) लांबवली आणि चार सिलिंडरचं बारकं इंजिन काढून तिथे ७ लिटरचं व्ही८ बसवलं, दोन टर्बोंसकट. ताकद १२४४ एचपी आणि वजनही १२४४ किलो! ही सगळी ताकद मागच्या दोनच चाकांना, आणि सहाही गिअर हाताने टाकायचे.

जानेवारी २०१३ मध्ये तिने ० ते ३०० किमी १३.६३ सेकंदांत गाठले, गिनीजमध्ये नोंद झाली. १४ फेब्रुवारी २०१४ ला केनेडी स्पेस सेंटरच्या धावपट्टीवर (स्पेस शटल उतरायचं तीच) ताशी ४३५.३१ किमी. बुगाटी व्हेरॉन सुपर स्पोर्टचा २०१० चा आकडा ४३१.०७, म्हणजे तिला हरवलं. त्या बुगाटीमागे अख्खा फोक्सवॅगन समूह उभा होता, ८ लिटर, १६ सिलिंडर, चार टर्बो. इकडे एक ट्यूनिंगचं वर्कशॉप. मला तरी ही अलीकडच्या काळातली सगळ्यात बेधडक गाडी वाटते. होऊन जाऊ द्या.

पुरावा_टाका
धागा छान, पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. ४३५ चा आकडा एकाच दिशेचा आहे. विक्रम धरायचा तर तासाभराच्या आत उलट दिशेनेही पळायचं आणि दोन्हींची सरासरी काढायची, म्हणजे वारा आणि उतार यांचा फायदा कटतो. नासाने उलट दिशेला पळू दिलं नाही, म्हणून तो आकडा गिनीजमध्ये नाही. शिवाय गिनीजला ३० गाड्यांचं उत्पादन हवं होतं, तेही इथे नव्हतं. चार किमीच्या फरकाने 'हरवलं' म्हणताय, तेवढा तर पाठीमागचा वारा देऊन जातो.

फुल्ल_थ्रॉटल
मान्य. पण मग बुगाटीलाही तीच फूटपट्टी लावा. ४३१ गाठणाऱ्या गाडीचा लिमिटर काढलेला होता, गिऱ्हाइकाला मिळणारी गाडी ४१५ ला अडायची. याच कारणावरून २०१३ मध्ये गिनीजने विक्रम काढून घेतला आणि नंतर परत दिला. मोठ्या कंपनीला विचार करायला वेळ मिळतो, छोट्याला लगेच 'पुरावा टाका'!

हलकी_गाडी_सुखी_गाडी
मी लोटसवाला, त्यामुळे माझं मत आधीच कलुषित आहे असं समजून वाचा. एक्सिज हजार किलोच्याही आतली गाडी. तिची सगळी गंमत वळणात, स्टिअरिंगमधून बोटांना रस्ता कळतो त्यात. तिच्या मागे सात लिटरचं धूड ठेवणं म्हणजे मांजराच्या पाठीवर हौदा. दारं, छत, पुढची काच, अगदी वायपरसुद्धा एक्सिजचे. अमेरिकेत नोंदणीही सुधारित लोटस म्हणूनच होते. तेव्हा 'गाडी बनवली' नका म्हणू, 'जोडली' म्हणा.

दहा_नंबर_पाना
@हलकी_गाडी, 'जोडली' हा शब्द इतक्या तुच्छतेने वापरू नका. कधी इंजिन बदललं आहे का हाताने?

एक्सिजमध्ये इंजिन आडवं बसतं. हे व्ही८ आडवं मावतच नाही, म्हणून उभं बसवावं लागलं. त्यासाठी चासी लांबवली, आणि चासी लांबली की सस्पेन्शनची सगळी भूमिती नव्याने मांडावी लागते. मूळ गिअरबॉक्स पहिल्याच जोरात दात गाळून बसला असता, म्हणून रिकार्डो कंपनीचा घातला. रिकार्डोचाच गिअरबॉक्स फोर्ड जीटीमध्येही होता. त्यानंतर उष्णता. ढोबळ हिशोबाने पेट्रोल इंजिन जेवढी ताकद चाकांकडे पाठवतं, जवळपास तेवढीच उष्णता कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) आणि तेवढीच सायलेन्सरवाटे टाकतं. म्हणजे पूर्ण जोरात ९०० किलोवॅटच्या घरातली उष्णता फक्त रेडिएटरने बाहेर काढायची! व्हेरॉनमध्ये यासाठी दहा रेडिएटर आहेत. इथे लोटसच्या नाकाडात तेवढी जागा कुठून आणणार? बाजूचे आणि टपावरचे हवेचे भोसके बघा, ते शोभेसाठी नाहीत.

कागदावर १२०० एचपी कुणीही लिहील. ती गाडीत बसवून, न वितळता पाच किमी पळवणं हे काम आहे.

पुरावा_टाका
पान्याचा प्रतिसाद आवडला. मुद्दा तरीही तिथेच.

गणिताचा_तास
कुणी आकडेमोड केलेली दिसत नाही, म्हणून हा लांब प्रतिसाद.

चालकासह वजन १३३० किलो धरा. ३०० किमी म्हणजे सेकंदाला ८३.३ मीटर. त्या वेगाला गाडीत साठलेली गतिज ऊर्जा साधारण ४.६ मेगाज्यूल. भागिले १३.६३ सेकंद, म्हणजे सरासरी ३४० किलोवॅट. आणि इंजिन आहे ९२८ किलोवॅटचं! जेमतेम सदतीस टक्के कामी आली. थोडी गिअरबॉक्सने खाल्ली, थोडी हवेने, थोडा वेळ गिअर बदलण्यात गेला. पण मोठा हिस्सा वापरताच आला नाही, कारण टायर.

मागच्या चाकांवर ७० टक्के भार आणि पकड (घर्षणगुणांक) १.१ धरली तर रस्त्यावर साधारण १० किलोन्यूटन जोर लावता येतो. गळती वजा जाता चाकांपर्यंत ७९० किलोवॅट पोचतात असं धरू. ७९० ला १० ने भागा: सेकंदाला ७९ मीटर, म्हणजे ताशी २८० किमीच्या आसपास. त्या वेगाच्या खाली पेडल पूर्ण दाबलंत की टायरचा फक्त धूर. जी ताकद २८० च्या पुढेच वापरता येते ती असली काय, नसली काय.

दहा_नंबर_पाना
गणित बरोबर, निष्कर्ष चुकला. ही गाडी २८० च्या पुढेच जायला बांधली होती! हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ४०० वरून ४३५ ला जायचं तर वेग पावणेनऊ टक्के वाढतो, ताकद मात्र २९ टक्के जास्त लागते. ४३५ वरून ५०० ला? त्याच आकाराच्या गाडीला दीडपट. १२४४ ची दीडपट काढून बघा, आणि मग हेनेसीच्या पुढच्या व्हेनम एफ५ ला १८१७ एचपी का दिले ते कळेल.

खालच्या वेगाला ताकद जास्त होते हे त्यांनाही ठाऊक आहे, म्हणून तर ८००, १००० आणि १२०० असे तीन टप्पे दिलेत.

शेवटचं_वळण
८०० चा टप्पा द्यावा लागतो यातच सगळं आलं. २०१८ मध्ये फोक्सवॅगनच्या आयडी आर या इलेक्ट्रिक गाडीने अमेरिकेतल्या पाइक्स पीकचा घाट ७ मिनिटं ५७.१४८ सेकंदांत चढला. ताकद फक्त ६८० एचपी. वजन, पकड आणि गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर नीट जुळवले की निम्म्या ताकदीत इतिहास घडतो.

फुल्ल_थ्रॉटल
आयडी आर ही निव्वळ रेसकार आहे हो. नंबरप्लेट लावून भाजी आणायला जाता येईल का तिच्यातून? तुलना कशाशी करायची याला काही धरबंध?

शेवटचं_वळण
आणि व्हेनममधून जाता येतं ते ८०० एचपीवर, उजवा पाय अंग चोरून. मग १२४४ चा आकडा गाडीचा की पोस्टरचा?

हलकी_गाडी_सुखी_गाडी
😄 पोस्टरचा. मूळ एक्सिज घ्या, पूर्ण थ्रॉटल देऊन चालवा.

फुल्ल_थ्रॉटल
पोस्टर तर पोस्टर. माझ्या भिंतीवर तेच आहे आणि तेच राहणार.

पुरावा_टाका
भिंत तुमची, हरकत नाही. फक्त खाली बारीक अक्षरात 'एकाच दिशेने' एवढं लिहा. स्वीडनच्या कोनिगसेगने २०१७ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात अगेरा आरएस दोन्ही दिशांनी पळवून सरासरी ४४७.१९ काढली, त्या पोस्टरखाली काही लिहावं लागत नाही.