बी.एड. नसताना स्वतःला इंग्रजीची शिक्षिका म्हणवावे का?

प्रश्न (डिचोली)
इंग्रजीत एम.ए. केल्यापासून मी घरीच शिकवण्या घेते. मराठी माध्यमातून चौथी झालेली आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जाऊन पडलेली मुले माझ्याकडे येतात. पालक मला ‘टीचर’ म्हणतात; पण शाळेतील शिक्षकांशी ओळख झाली की माझ्या तोंडून ‘ट्युशन घेते’ एवढेच निघते. आता एखादे प्रमाणपत्र घेतल्याने यात काही फरक पडेल का?

उत्तर १ (फोंडा, निवृत्त शिक्षक)
ताई, नोकरी आणि ओळख हे प्रश्न वेगळे ठेवावेत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१० च्या अधिसूचनेनुसार पहिली ते आठवीच्या शिक्षकांना प्रशिक्षणाबरोबर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) हीसुद्धा लागते. ती अट शाळेतील नेमणुकीची आहे, घरच्या शिकवणीची नव्हे. राहिली ओळख. मराठीत उपपदे नसल्याने मुलांच्या वाक्यांतून ‘अ’ आणि ‘द’ गळतात, आणि इंग्रजीतील v आणि w हे दोन वेगळे ध्वनी ती एकाच ‘व’वर भागवतात. ही चूक कुठून येते हे ज्याला मुलाच्या मराठीवरून समजावता येते, तो शिक्षकच. आणि हे कौशल्य बी.एड. झालेल्या सर्वांकडे असतेच, असे माझ्या पाहण्यात नाही.

उत्तर २ (पर्वरी)
सरांचे म्हणणे पटते, पण अर्धेच. स्वतःला इंग्रजी न येणाऱ्या पालकाने शिकवणीचा दर्जा कशावरून जोखायचा? प्रमाणपत्र मुख्यतः त्याच्यासाठी असते, आपल्या मानासाठी नव्हे. शिवाय एम.ए.मध्ये साहित्य शिकवतात. दहा वर्षांच्या मुलाला वाचायला कसे शिकवावे, हे त्यात नसते.

उत्तर ३ (मडगाव)
मी केंब्रिजचा सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, केला आहे. सुमारे १२० तासांचा हा अभ्यासक्रम खर्चिक आहे आणि प्रामुख्याने प्रौढांना शिकवण्यासाठी आहे, त्यामुळे तुमच्या पाचवीच्या मुलांसाठी मी तो सुचवणार नाही. केंब्रिजचीच टीकेटी ही अध्यापनाच्या ज्ञानाची लेखी परीक्षा पूर्वपात्रतेशिवाय देता येते. तिने परिभाषा हाती येते, पण तुमचा वर्ग कोणी पाहत नाही. सेल्टामध्ये सहा तासांचे अध्यापन प्रशिक्षकांसमोर करावे लागते, आणि माझ्या मते खरी किंमत त्याचीच आहे, कारण घरी एकट्याने शिकवणाऱ्याला आपले काय चुकते हे सांगणारे कोणी नसते.

प्रश्नकर्ती
आपला आक्षेप रास्त आहे, पर्वरीकर. टीकेटीचा विचार करीनच. त्याआधी ओळखीच्या एका शाळाशिक्षिकेला माझे काही तास मागे बसून पाहण्याची विनंती करते आहे. त्यांना कोणत्या गोष्टींची टिपणे काढायला सांगावीत, हे मडगावच्या ताईंनी कळवावे.