मदत हवी आहे: विकत घेतलेले डिजिटल गेम सर्व्हर बंद झाल्यावरही खेळता यावेत म्हणून काय जपून ठेवावे?

नमस्कार.

गेली काही वर्षे मी संगणकावरचे आणि कन्सोलवरचे बहुतेक गेम डिजिटल स्वरूपातच घेत आलो आहे. त्यांपैकी जे मला मनापासून प्रिय आहेत ते दहा-पंधरा वर्षांनंतरही सुरू व्हावेत, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी आतापासून कोणत्या गोष्टी जतन कराव्यात, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

ही काळजी ‘द क्रू’ या गेमच्या बातम्या वाचताना वाढत गेली. युबिसॉफ्टचा हा मोटारशर्यतीचा गेम २०१४ साली आला आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले. त्यात एकट्याने खेळायचा भाग मोठा होता. तरीही गेम चालू ठेवण्यासाठी सर्व्हरशी जोडणी लागत असल्यामुळे ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांनाही त्या दिवसापासून तो खेळता येईना, आणि पुढे अनेकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला. यावरूनच यूट्यूबवर गेमविषयी व्हिडिओ करणारे रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. तिच्याशी निगडित असलेल्या युरोपीय संघातील नागरिकांच्या याचिकेने आवश्यक त्या १० लाख सह्यांचा टप्पा जुलै २०२५ मध्ये ओलांडला. कंपन्यांनी सर्व्हर कायम चालू ठेवावेत, अशी ही मागणी नाही. पाठबळ थांबवताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत ठेवून जावे, एवढेच तिचे म्हणणे आहे.

मला ही मागणी पूर्णपणे रास्त वाटते. खेळाडूंनी स्वतः चालवलेल्या खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीचे आणि आक्षेपार्ह मजकुराचे नियंत्रण कसे करणार, हा या मागणीवरचा गेम उद्योगाचा प्रश्न हजारो जण एकत्र खेळतात अशा गेमच्या बाबतीत विचार करण्यासारखा आहे. पण एकट्याने खेळायच्या कथानकाला तो लागू होत नाही. शिवाय करायचे ठरवले तर मार्ग निघतो. ‘नॉकआउट सिटी’ २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा त्याच्या निर्मात्यांनी खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती मोफत दिली. ‘द क्रू २’ला तर युबिसॉफ्टनेच २०२५ मध्ये ऑफलाइन खेळण्याची सोय दिली.

कायद्याने बदल होईल तेव्हा होवो, तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते तरी नीट करावे, असा माझा विचार आहे. आपण गेम घेतो म्हणजे तो वापरण्याचा परवाना घेतो, हे स्टीम हे संगणक-गेमचे ऑनलाइन दुकान २०२४ पासून पैसे भरण्याच्या पानावरच सांगते. त्यामुळे खात्यात गेमचे नाव दिसते एवढ्यावर विसंबून राहणे मला पटत नाही.

माझ्याकडे स्टीम आणि जीओजी या दोन्ही दुकानांतले गेम आहेत, एक प्लेस्टेशन ४ आहे आणि एक निन्टेन्डो स्विच आहे. जीओजीचे ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून ठेवता येतात, हे मला ठाऊक आहे. स्टीमवरचा कोणता गेम स्टीमशिवाय चालेल, हे आधी कसे ओळखावे? कन्सोलच्या बाबतीत तर सुरुवात कुठून करावी, हेच कळत नाही. गेमइतक्याच मला माझ्या सेव्ह फाइलही (गेममधली प्रगती साठवणाऱ्या फाइल) मोलाच्या आहेत, कारण एखाद्या दीर्घ भूमिकाप्रधान गेममध्ये घेतलेले निर्णय आणि घडवलेले पात्र गेम पुन्हा विकत घेऊन परत मिळत नाही. कृपया प्रत करण्यापासूनचे संरक्षण तोडण्याचे किंवा चोरीच्या प्रतींचे उपाय सुचवू नयेत. नियमात राहून जे करता येईल तेच हवे आहे.

प्रतिसाद १

धागा योग्य वेळी काढलात. मी संगणकापुरते लिहितो.

स्टीमवरच्या प्रत्येक गेमला संरक्षण असतेच असे नाही. ते लावायचे की नाही हे प्रकाशक ठरवतो, आणि बरेच गेम स्टीम बंद असतानाही थेट त्यांच्या फोल्डरमधून सुरू होतात. पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर बहुतेक गेमच्या पानावर ही माहिती मिळते. तरीही स्वतः खात्री करून घ्या: गेमचे फोल्डर दुसऱ्या संगणकावर न्या, इंटरनेट तोडा आणि स्टीम न उघडता गेम चालवून पाहा. चालला तर ते फोल्डर हीच तुमची प्रत. डेन्यूवोसारखे (नक्कल रोखणारे) संरक्षण असलेले गेम या मार्गाने जपता येत नाहीत. मात्र काही प्रकाशक काही काळाने ते काढून टाकतात, म्हणून अशा गेमची नोंद ठेवून अधूनमधून तपासत राहा.

जीओजीचा मोठा गेम अनेक तुकड्यांत येतो. त्यातला एक तुकडा जरी राहिला किंवा खराब झाला तरी इन्स्टॉलर अर्ध्यावर थांबतो. त्यामुळे फाइल उतरवल्यावर एकदा गेम इन्स्टॉल करून पाहा आणि मगच ती कपाटात ठेवा. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा असते; तिने प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ खूण (फाइलच्या मजकुरावरून निघणारी अक्षर-अंकांची ओळख) काढून मजकुराच्या फाइलमध्ये जपून ठेवली, तर पुढे कधीही फाइल बिघडली आहे का, हे ताडून पाहता येते. दीर्घकाळ वीज न मिळालेल्या एसएसडीतली माहिती पुसट होऊ शकते. म्हणून साठवणीसाठी साधी हार्ड डिस्क घ्या, दोन घ्या, आणि दोन्ही एकाच जागी ठेवू नका.

सेव्ह फाइल मात्र विखुरलेल्या असतात. काही डॉक्युमेंट्समध्ये, काही ॲपडेटामध्ये, तर काही गेमच्याच फोल्डरमध्ये सापडतात. लुडुसावी हे मोफत साधन त्या सर्व शोधून त्यांचा एकत्र बॅकअप घेते. क्लाउडवर विसंबू नका. इथली बिघडलेली फाइल तिथल्या चांगल्या फाइलवर लिहिली जाण्याची शक्यता असते.

प्रतिसाद २

कन्सोलबद्दल थोडे.

प्लेस्टेशन ४ सर्वप्रथम अद्ययावत करून घ्या. त्याच्या आतली घड्याळाची बॅटरी संपली आणि त्याच वेळी नेटवर्क उपलब्ध नसले तर डिजिटल गेम चालत नसत. २०२१ च्या ९.०० या आवृत्तीने ही अडचण दूर झाली. त्यानंतर तो तुमच्या खात्याचा प्राथमिक कन्सोल म्हणून नोंदवा, म्हणजे इंटरनेट नसतानाही गेम उघडतील. डिस्कवर असते ती बहुधा पहिल्या दिवसाची आवृत्ती, म्हणून डिस्कच्या गेमचीही सर्व अद्यतने आत्ताच उतरवून घ्या. प्लेस्टेशन ४ च्या सेव्ह फाइल यूएसबीवर घेता येतात, ही त्याची मोठी सोय आहे.

स्विचचे तसे नाही. त्याच्या सेव्ह फाइल कन्सोलच्या आतच राहतात, मेमरी कार्डवर जात नाहीत. वर्गणी भरून क्लाउडवर ठेवता येतात, पण काही गेम तेही करू देत नाहीत. त्यामुळे स्विच दुरुस्तीला देण्याआधी दुसऱ्या स्विचवर सेव्ह हलवून ठेवणे, एवढाच विश्वासाचा मार्ग उरतो. दुकान बंद होण्याची वाटही पाहू नका. निन्टेन्डोच्या थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलच्या दुकानांतली खरेदी २७ मार्च २०२३ रोजी थांबली. घेतलेले गेम पुन्हा उतरवण्याची सोय पुढे चालू राहिली, पण ती किती काळ राहील, हे सर्वस्वी निन्टेन्डोच्या मर्जीवर आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सेव्ह फाइलपासून सुरुवात करतो, कारण गेलेल्या सेव्ह फाइलला पर्याय नाही. त्यानंतर इंटरनेट तोडून स्टीमचा एकेक गेम तपासेन, आणि जे चालतील त्यांची यादी गेमच्या आवृत्तीसह याच धाग्यावर देईन, म्हणजे इतरांनाही तिचा उपयोग होईल.

एक शंका अजून राहिली आहे. निन्टेन्डोच्या स्विच २ या नव्या कन्सोलसाठी काही गेम ‘गेम-की कार्ड’ स्वरूपात येतात. त्या कार्डावर गेम नसतो, केवळ तो उतरवून घेण्याचा अधिकार असतो, आणि उतरवल्यानंतरही खेळताना कार्ड लावावेच लागते. अशा कार्डावरचा एखादा गेम मला घ्यायचा आहे. जतनाच्या दृष्टीने तो निव्वळ डिजिटल खरेदीपेक्षा बरा ठरेल का? कार्ड दुसऱ्याला देता येते, हा फायदा मला दिसतो, पण निन्टेन्डोचे सर्व्हर बंद झाल्यावर त्या कार्डाचा उपयोग काय उरेल, हे उमगत नाही. ज्यांनी अशी कार्डे वापरली आहेत त्यांनी आपला अनुभव कृपया लिहावा.