पियानोवरचे पेले अचूक, आजाराचे साल चुकीचे

वाईकर:
'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (२०१८) हा 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्यावरील चित्रपट साताऱ्यात मित्रमंडळींसोबत नुकताच पुन्हा पाहिला. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि तिथेच 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये पियानो वाजवणारा हा फारुख बलसारा (फ्रेडींचे मूळ नाव) एका अर्थी आपल्याच जिल्ह्याचा. चित्रपटात पाचगणीचा एकही प्रसंग नाही, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण सव्वादोन तासांत सारे आयुष्य मावत नाही. तक्रार आहे ती फिरवाफिरवीची. १३ जुलै १९८५ च्या 'लाइव्ह एड' या मदतनिधीसाठीच्या संगीत कार्यक्रमाआधीच फ्रेडी सहकाऱ्यांना एचआयव्हीबद्दल सांगतात, असे पडद्यावर दिसते. प्रत्यक्षात हे निदान १९८७ च्या सुमारास झाले, असे त्यांच्या निकटवर्तीयांचे म्हणणे आहे. हा कार्यक्रम झाला त्या लंडनच्या वेम्बली मैदानातील मंचावर पियानोवर ठेवलेले पेप्सीचे पेलेसुद्धा हुबेहूब मांडणाऱ्यांना हे साल ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल?

माहुलीकर:
आपला आक्षेप मला पटत नाही. चित्रपट म्हणजे बखर नव्हे आणि चरित्रकोश तर नव्हेच. १९४३ च्या 'तानसेन'मध्ये सैगल गातात आणि दिवे पेटतात, त्याचा पुरावा आजवर कोणी मागितला नाही. प्रेक्षकाला त्या गायकाची तगमग समजली म्हणजे नाटककाराचे काम झाले. निदानाचे साल दोन वर्षे मागे ओढल्याने ती तगमग खोटी ठरत नाही.

कृष्णाकाठ, सांगली:
माहुलीकर, तानसेनाची उपमा इथे लागू होत नाही. तानसेन दंतकथेतूनच आपल्यापर्यंत आला. फ्रेडींचे त्या दिवशीचे गाणे मात्र आजही जसेच्या तसे पाहता येते. साल ओढल्यामुळे त्या गाण्यामागचे कारणच बदलले. ज्या गायकाने केवळ गळ्याच्या आणि हुकमतीच्या बळावर ते मैदान जिंकले, तो आता मरण समोर दिसत असल्यामुळे जीव तोडून गाणारा ठरला. आणखी एक बाब वाईकरांकडून राहिली. फ्रेडींनी एकट्याने रेकॉर्ड काढायचे ठरवले म्हणून बँड फुटला, असे चित्रपट सुचवतो. वास्तविक ड्रमर रॉजर टेलर यांचा स्वतंत्र अल्बम १९८१ मध्येच आला होता आणि १९८५ च्या मे महिन्यापर्यंत बँडचे दौरे एकत्रच चालू होते. टेलर आणि बँडचे गिटारवादक ब्रायन मे या चित्रपटाच्या निर्मितीशी जोडलेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे दोष कोणाच्या पदरात पडला आणि का, हे वेगळे सांगायला नको. १९९१ मध्ये गेलेला माणूस खुलासा करायला येत नाही.

माहुलीकर:
टेलर यांच्या अल्बमचा मुद्दा मान्य. तो अन्याय आहे. पण आजाराचे साल आणि तो अन्याय एकाच तराजूत घालू नयेत. एकात कोणाची बदनामी नाही, दुसऱ्यात आहे.

वाईकर:
बदनामी नसली तरी गरज तरी होती का? १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले. हे घडलेलेच इतके विलक्षण आहे, की त्यात कोणाला काही घालावे लागले नाही.

माहुलीकर:
प्रत्येकाच्या आयुष्यात १२ मार्च येत नाही, वाईकर. ज्यांच्या आयुष्यात तो आला नाही, त्यांच्यावर चित्रपट काढायचाच नाही का?

कृष्णाकाठ, सांगली:
अवश्य काढावा. फक्त नायकाचे नाव बदलावे.